उत्तरेचं विचारू नका

मी नाशकातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो, आणि नाशकात उत्तर कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, मी थांबतो.

मी कोकणातला. आमच्या गावात दिशा शिकाव्या लागत नाहीत. समुद्र दिसतो ती पश्चिम, त्याच्याकडे पाठ केली की पूर्व, आणि उरलेल्या दोघींशी कुणाचं फारसं देणंघेणं नसतं. नाशकात समुद्र नव्हता, म्हणून मी नदी धरली. गोदावरी पूर्वेकडे वाहते हे मी पोरांकडून छड्या मारून घोकून घेत होतो. तेव्हा पाणी जाईल ती पूर्व, असा हिशेब मी आल्या दिवशीच करून टाकला आणि निश्चिंत झालो. उगवता सूर्य पाहून खात्री करता आली असती. पण तो उगवायच्या वेळी मी अंथरुणात असे, आणि भद्रकालीमागच्या आमच्या बोळात दोन्हीकडची घरं एकमेकांच्या अंगावर इतकी झुकलेली की सूर्य म्हणून जो काही यायचा तो दुपारी, थेट टाळूवर. शाळेत एक होकायंत्र होतं. हरवू नये म्हणून ते हेडमास्तरांनी कुलपात ठेवलं होतं.

असा मी नानांच्या शेजारी राहायला गेलो. तीस सालानंतरची गोष्ट.

नाना टपालखात्यात सॉर्टर होते. मी गेलो तेव्हा पेन्शनीत निघाले होते, पण बोटं अजून नोकरीतच होती. बोलता बोलता उजवा अंगठा बोटांवरून सर्रकन फिरायचा आणि हवेतल्या हवेत काहीतरी कोपऱ्यात फेकलं जायचं. चांदवडचा विषय निघाला की एका कोपऱ्यात, पेठचा निघाला की दुसऱ्या. जन्मभर थैल्या जिथे टांगलेल्या असायच्या तिथेच ते अजून पत्रं टाकत होते. उंच माणूस, मानेत जरासा वाकलेला, डोक्यावरची काळी टोपी जेवतानाही न काढणारा. आवाज मात्र खिडकीतून पावती देणाऱ्या कारकुनासारखा, कोरडा.

माझं सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भाड्याने आणलेली खाट. खाट मी दाराशी टेकवतोय तोच नाना आत आले. नाव नाही, गाव नाही, विचारलं ते एवढंच,

"उशी कुठे?"

"ट्रंकेत आहे अजून."

"तसं नाही. डोकं कुठे करणार?"

मी एका भिंतीकडे बोट दाखवलं. नाना असे दचकले की भिंतीवर साप असावा.

"मास्तर, माणूस निजला म्हणजे पत्र झाला. डोकं म्हणजे त्याच्यावरचा पत्ता. तुम्ही पत्ता लिहाल तिकडेच तो जाणार, मग वाटेत ओरडून उपयोग नाही." असं म्हणून त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्या खोलीच्या एकेका भिंतीकडे एकेक पत्र टाकलं. "पूर्वेला विद्या. दक्षिणेला आयुष्य. पश्चिमेला चिंता." चौथ्या भिंतीला त्यांनी काहीच टाकलं नाही.

"आणि उत्तरेला?"

"उत्तरेचं विचारू नका. डोकं तिकडे म्हणजे पाय दक्षिणेला. सरळ यमाच्या थैलीत."

मग त्यांनी स्वतः माझी खाट ओढून लावली. "झालं. डोकं दक्षिणेला. निजा आता निर्धास्त."

माझ्या हिशेबाने ती दक्षिण नव्हतीच. नदीचं पाणी त्या बाजूला जात होतं, म्हणजे ती पूर्व. म्हातारा पाव फेरा चुकतोय आणि त्या चुकीवर साऱ्या बोळाच्या खाटा फिरवत बसलाय, हे पाहून मला मनातून इतक्या गुदगुल्या झाल्या की मी काही बोललोच नाही. म्हटलं, असू दे. त्यांनी आयुष्य दिलं, आपण विद्या घेऊ. ती मिळाली नाही, हे पुढे दिसेलच.

बोळातली एक खाट त्यांनी सोडली नव्हती. लग्नघरी अक्षता पडतात न पडतात तोच नाना माडीवर, खाटेचं माप घेताना. बाळंतिणीची बाज ते दाराबाहेर उभं राहून, आतल्या बायकांना ओरडून ओरडून फिरवायला लावत. "अहो डावीकडे! तुमच्या डावीकडे नव्हे, देवाच्या!" लोक पाठीमागे त्यांना खाटनाना म्हणत आणि समोर निमूट फिरवून घेत. न जाणो, असं ज्याला त्याला वाटायचं.

अडले ते एकदाच, हुसेनचाचांकडे. चाचा कल्हईवाले. त्यांची भट्टी बोळाच्या तोंडाशी, आणि माझ्या पातेल्यांपेक्षा माझ्या फजित्यांवर त्यांचं बारीक लक्ष. त्यांना पाठदुखीने झोप लागेना, तेव्हा नाना न बोलावता गेले. मी करमणुकीसाठी मागोमाग.

"डोकं पूर्वेला करा, चाचा. उत्तम."

"उत्तम असेल नाना, पण मग पाय पश्चिमेला जातील. तिकडं काबा हाय आमचा. मेलो तरी पाय नाय करणार."

"मग पश्चिमेला डोकं."

"तुम्हीच बोलला ना, तिकडं चिंता? सहा पोरी हायत घरात. आणखी चिंता कशाला?"

नाना विचारात पडले. अंगठा दोनदा फिरला, पत्र काही सुटेना. मग त्यांचा चेहरा उजळला. "दक्षिणेला! पाय उत्तरेला. तुमच्या काब्यालाही नाहीत आणि आमच्या यमालाही नाहीत."

"तुमच्या यमाशी आमचा काय संबंध?"

"थैली सगळ्यांची एकच, चाचा."

चाचांनी खाट फिरवली. पाठ दुखायची ती दुखतच राहिली, पण त्या दिवसापासून नानांची भांडी ते आधी हातात घ्यायला लागले.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे नानांची बायको. बारीक अंगाची, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळू नये. मी ताक मागायला गेलो होतो. आतल्या खोलीच्या टोकाला एक खिडकी, आणि तिच्याखालची जागा मोकळी. एवढीशी खोली, त्यात वाऱ्याची तेवढी एकच जागा, आणि तिथे साधी घागरसुद्धा ठेवलेली नाही. मी विचारलं.

"तिथे वसंता निजायचा," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्याचे दिवस होते. वारा लागावा म्हणून ह्यांनीच त्याची खाट तिथे लावली, उशी खिडकीशी. मग त्याला ताप भरला. विषमज्वर. तिथेच गेला. मागाहून कुणीतरी शहाण्याने ह्यांना सांगितलं, डोकं उत्तरेला होतं म्हणून. झालं. तेव्हापासून हे गावाच्या उश्या उचलत फिरतात. ताक आंबट आहे हं, चालेल?"

यानंतर नानांच्या अंगठ्याला हसणं मला जरा जड जाऊ लागलं. जरा.

चांदवडला नानांचे चुलतभाऊ होते. त्यांनी नवं घर बांधलं तेव्हा नाना मुद्दाम मोटारीने जाऊन त्यांची खाट लावून आले. डोकं दक्षिणेला, अगदी रेषेत. भाऊ त्याच पावसाळ्यात गेले. आता हे काही सांगतील, खाट कुणीतरी मागाहून हलवली असेल वगैरे, म्हणून मी वाट पाहत बसलो. नाना परत आले, टोपी घालूनच आंघोळीला गेले आणि तशीच बाहेर आणली. खाट कुणी हलवली नव्हती. एवढंच म्हणाले. पुढेही ते लोकांच्या खाटा फिरवत, पण "दक्षिणेला आयुष्य" हे हळू म्हणायला लागले होते, ऐकू आलं नाही तरी चालेल अशा बेताने.

आणि मग काकूंनी अंथरूण धरलं. छातीचा आजार. चार वाक्यं बोलल्या की पाचव्याला श्वास पुरत नसे. त्यांची खाट होती खोलीच्या आतल्या टोकाला, उशी स्वयंपाकघराच्या भिंतीशी. ती नानांची दक्षिण. भिंतीपलीकडे चूल, आणि भिंत वरून मोकळी, त्यामुळे चुलीला फुंकणी लागली की धूर आधी काकूंच्या नाकात. खोली इतकी अरुंद की खाट आडवी मावत नव्हती. उशी चुलीशी, नाही तर खिडकीशी. तिसरी सोय नाही.

डॉक्टर आले, त्यांनी छाती ठोकून पाहिली आणि नानांना बाहेर घेतलं. "औषधाने फार काही होणार नाही. पण त्यांचं तोंड त्या खिडकीशी आणा. उरलेले दिवस श्वास तरी सुखाचा घेऊ द्या."

नाना "हो" म्हणाले. आणि खाट हलली नाही.

मी रोज शाळेतून आलो की डोकावत असे. काकू खोकत असायच्या, नाना पाठीवरून हात फिरवत असायचे, आणि खिडकी तिकडे दूर, पायांपलीकडे, उघडी.

"दक्षिणेला आयुष्य आहे म्हणतात," काकू एकदा मला म्हणाल्या. "आहे हो. पण धुरासकट."

नाना ऐकत होते. त्यांनी खाटेचा पाय धरला, उचलतील असं वाटलं, मग सोडून दिला. "मला नाही जमत," ते भिंतीला म्हणाले. "एकदा केलंय मी ते."

त्या दिवशी मला माझ्या विद्येची आठवण झाली. इतके दिवस गुदगुल्या म्हणून सांभाळलेली गोष्ट इथे उपयोगी पडेल हे मला आधी सुचू नये! मी शाळेत जाऊन हिंदुस्थानचा मोठा नकाशा काखोटीला मारून आणला. वाटेत हुसेनचाचांनी विचारलं, "कुठं निघाली वरात?" म्हटलं, "चला, दाखवतो." तेही आले.

नकाशा मी काकूंच्या खाटेवरच पसरला.

"नाना, गोदावरी कुठे जाते?"

"राजमहेंद्रीला."

"दिशा सांगा."

"पूर्वेला," नाना म्हणाले.

"मग आपल्या बोळापलीकडे नदी आहे, तिचं पाणी चुलीच्या बाजूला जातं की खिडकीच्या?"

"चुलीच्या."

"म्हणजे चूल कुठे? पूर्वेला. आणि खिडकी?"

चाचांनी तोंड उघडलं होतं.

"पश्चिमेला!" मी म्हणालो. वर्गात पोरांना उत्तर न आल्यावर मी स्वतःच देतो, त्याच थाटात. "तुम्ही सगळा जन्म पाव फेरा चुकलात, नाना. ही उत्तर नव्हेच. वसंताचंही डोकं उत्तरेला नव्हतं."

नाना नकाशाकडे बघत राहिले. नाशकाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, निळ्या रेघेवरून उजवीकडे नेलं, परत आणलं. मग काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी तो आदर समजलो.

"पश्चिमेला काय असतं म्हणे?" काकूंनी खाटेवरून विचारलं.

"चिंता," नाना म्हणाले.

"ती इथेही आहे. तिथे वाऱ्यावर तरी पडेल."

"मास्तर," नानांनी विचारलं, "तुम्ही खात्रीने सांगताय?"

"खात्रीने."

"भूगोलाचे मास्तर म्हणून?"

"भूगोलाचा मास्तर म्हणून."

"अहो, पण नाना—" चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही पुढचे पाय धरा," नाना म्हणाले.

आम्ही तिघांनी काकूंसकट खाट उचलून फिरवली. उशी खिडकीशी आली. काकूंनी डोळे मिटून श्वास घेतला, तो अडखळत अडखळत का होईना, शेवटपर्यंत गेला. मी नकाशाची गुंडाळी केली आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

संक्रांत जवळ आली होती. काकू मान मागे टाकून खिडकीबाहेर बघायच्या. "सगळं उलटं दिसतं," म्हणायच्या. "पतंग खाली खाली जातात. कुणाचा कटला की वर पडतो." रात्री झोप लागायला लागली. एक दिवस तर त्यांनी तिळगुळाचा पाक जरा जास्त झाल्याचं खाटेवरून वासानेच ओळखून शेजारणीला ओरडून सांगितलं.

नाना बोळभर सांगत सुटले, "मास्तरांनी नकाशा दाखवला. खिडकी पश्चिमेला आहे." लोक "हो का?" म्हणायचे आणि मी जाताना वळून वळून बघायचे. दोघांतिघांनी तर हात जोडले. मला वाटलं, शास्त्राचा प्रसार होतोय.

फक्त एक होतं. रोज संध्याकाळी मी आलो की नाना उंबऱ्यात उभे असत आणि हळूच विचारत, "मास्तर, आजही पश्चिमच ना?"

"दिशा रोज बदलत नाहीत, नाना."

"तसं नव्हे. म्हणा एकदा."

"पश्चिमच."

"हं," म्हणून ते आत जात. बोटं अलीकडे थांबली होती. हवेत काही टाकत नसत.

माघ सरता सरता काकू गेल्या. दुपार होती. बायका जमल्या, कुणीतरी दर्भ आणला, अंथरूण जमिनीवर घेतलं. एक म्हातारी पुढे झाली, दिशा बघितली आणि म्हणाली, "वळवायला नको. आहे तशीच ठीक आहे." मला वाटलं, बिचारीला आता उगाच कशाला हलवा, अशा दयेने म्हणाली असेल. नाना कोपऱ्यात उभे होते. त्यांनी मान हलवली.

नानांना मागे कुणी नव्हतं. अस्थी त्यांनीच रामकुंडावर नेल्या. मी आणि चाचा सोबत. चाचा वर पायऱ्यांवर थांबले, मी ओल्या धोतराने नानांपाशी. उपाध्ये संकल्प सांगत होते आणि मध्येच, यजमानाला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "भाग्यवान हो तुम्ही. गोदावरी सगळीकडे पूर्वेला जाते, पण इथे येऊन वळते. इथे ती दक्षिणवाहिनी. म्हणून तर लांबून लांबून लोक अस्थी घेऊन इथे येतात."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात, बहिऱ्याला सांगतात तसं.

पाणी जात होतं ती दक्षिण. म्हणजे चूल दक्षिणेला. म्हणजे खिडकी... उत्तरेला. नानांचं सगळं बरोबर होतं. वसंताचं डोकं उत्तरेला होतं, काकूंचंही, आणि दुसऱ्या खेपेला ते तिकडे करवून घेणारा मी. नाना पाण्यात काय टाकत होते तिकडेच पाहत होते. उपाध्यांचं त्यांनी ऐकलंच नसावं, असं मला वाटलं.

मी घरी येऊन पडलो, उशी दक्षिणेला. कितीतरी दिवस त्यांना टाळलं. ते उंबऱ्यात दिसले की मी स्टोव्हला पिन मारत बसायचो. सांगावं तर, ज्या भीतीने हा माणूस जन्मभर गावाच्या खाटा फिरवत हिंडला तीच मी त्याच्या घरात खरी करून ठेवली, हे त्याला माझ्या तोंडून कळणार. न सांगावं तर रामकुंडावरच्या उपाध्यांचं तोंड कोण धरणार?

शेवटी एका रविवारी गेलो. वाटेत भट्टीवर चाचा होते. "कुठं, मास्तर? आज नकाशा नाय घेतला?" म्हणाले. मी खाली मान घालून पुढे गेलो.

नाना आतल्या खोलीत होते. काकूंची खाट जिथल्या तिथे, आणि तिच्यावर नाना निजलेले. उशी खिडकीशी. टोपी मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर नसलेली पाहिली. खुंटीला होती. डोकं इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच केलं. वाकून खाटेचा पाय धरला. फिरवायला.

"राहू द्या," नाना म्हणाले. "पत्ता बरोबर आहे."

मी खाली बसलो. "नाना, मी चुकलो हो. नदी इथे—"

"दक्षिणेला वळते. उपाध्यांनी सांगितलं तेव्हा तुमचं तोंड पाहिलं मी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मास्तर, मी जन्मभर चारी दिशांच्या थैल्या लावल्या. मला माझ्या घरातली उत्तर ठाऊक नसेल?"

"आणि काकूंना?"

"ती पंचवटीत जन्मली. नदीत पोहायला शिकली."

"चाचांना?"

"चाचाला, बोळाला, शेजारच्या पोरांना. त्या पोरांना तर हसू दाबता दाबता मार खावा लागला."

खिडकीतून वारा येत होता. खरोखरच चांगला वारा होता त्या जागेला. नाना मान मागे टाकून वर बघत होते, तिला दिसायचं ते उलटं आभाळ. पतंगांचे दिवस संपले होते, तिथे काही नव्हतं.

"मग तुम्ही ऐकलंत का माझं?"

नानांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला.

"तिला तो वारा द्यायचा होता," ते म्हणाले. "आणि माझ्या तोंडून 'उत्तरेला' निघत नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याने, मान ताठ करून, ती उत्तर नव्हे असं म्हणायला हवं होतं. मी चाचाला म्हणून पाहिलं, डॉक्टरला म्हणून पाहिलं. शहाणी माणसं ती, एकजण तयार होईना." त्यांनी कूस बदलली, पाठ माझ्याकडे. "त्या कामाला गाढवच लागतं, मास्तर. आणि आमच्या बोळात तेव्हा तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं."